ई-टपालाची चाळणी

व्यापारात मालाइतकेच महत्त्व वार्तेला असते, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगणे नलगे. भाव चढल्याची वार्ता ज्यास सकाळी कळली आणि ज्यास सायंकाळी कळली, त्या दोघांच्या वहीत वर्षअखेरीस किती अंतर पडते, हे आपण सर्वजण जाणतोच. पूर्वी वार्ता दुर्मिळ होती, म्हणून ती मिळविण्यात कौशल्य होते. आज ती अमाप झाली आहे, म्हणून ती निवडण्यात कौशल्य आहे.

काचीगुड्याच्या आमच्या पेढीवर रोज सकाळी संगणक उघडला की एकाच टपालपेटीत काय काय येऊन पडलेले असते, याची यादीच पाहावी. लातूर, गुलबर्गा व तांदूर येथील तुरीचे भाव, व्यापारी संघटनेचे परिपत्रक, बँकेची सूचना, वस्तू व सेवा कर खात्याचे पत्र, बारदान विकणाऱ्याची जाहिरात, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची पन्नास पोत्यांची मागणी, आणि कोठे तरी सहलीस चला, असे सांगणारे रंगीत निमंत्रण. ही सर्व पत्रे एकाखाली एक, सारख्याच आकाराच्या ओळींत उभी असतात. मातीचे ढेकूळ आणि धान्याचा दाणा एकाच पोत्यात यावेत, तसा हा प्रकार आहे.

पोत्यातील ढेकळे हाताने वेचीत बसणारा व्यापारी आपण कोठे पाहिला आहे काय? त्यासाठी चाळणी असते. ई-टपालासाठीही तशीच चाळणी आहे. तिला फिल्टर अथवा नियम असे म्हणतात. ती बहुतेक सर्व सदस्यांच्या संगणकात आजही विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु फारच थोडे लोक ती वापरतात, आणि जे वापरतात त्यांतील काही उलट्या बाजूने वापरतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण चाळणीचा विषय धान्याच्या व्यापाऱ्यास परका नाही, एवढ्या बळावर हे लिहीत आहोत.

सूचीचे टपाल म्हणजे काय

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची युक्ती अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली सिद्ध केली. पत्त्यामध्ये ‘ॲट’चे वाटोळे चिन्ह घालण्याची पद्धतही त्यांचीच. पुढे एकच पत्र अनेकांस धाडण्याची गरज निर्माण झाली, आणि त्यातून सूचीची, म्हणजे मेलिंग लिस्टची, पद्धत निघाली. सूचीला स्वतःचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एकाने पत्र धाडले की सूचीत नाव असलेल्या सर्वांकडे त्याची प्रत जाते. हे काम माणसाच्या हस्तक्षेपावाचून करणारी ‘लिस्टसर्व्ह’ ही प्रणाली एरिक थॉमस यांनी १९८६ साली रचली. आपल्या देशात सामान्य नागरिकास इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेने.

सूचीचे टपाल वाढू लागताच त्याची निवड करणारी साधनेही निघाली. १९९० साली ‘प्रॉकमेल’ नावाची एक प्रणाली आली. येणारे प्रत्येक पत्र दारातच तपासून ठरलेल्या खणात टाकणे, हे तिचे काम. नियम लिहिण्याची एक सर्वमान्य भाषा २००१ साली प्रसिद्ध झाली. तिचे नावच ‘सिव्ह’, म्हणजे चाळणी, असे ठेवण्यात आले. साता समुद्रांपलीकडच्या संगणकतज्ज्ञांसही आपल्याच गंजातील उपमा सुचावी, याचे आम्हास कौतुक वाटले.

पत्रावरील खूण

चाळणी लावावयाची तर दाणा व ढेकूळ यांत भेद काय, हे आधी ठरले पाहिजे. पत्रांच्या बाबतीत तो भेद कशावरून ओळखावा? येथे आपल्याच देशातील एका मराठी माणसाचे उदाहरण फार बोधप्रद आहे.

रेल्वे टपाल सेवेतील नोकर धावत्या डब्यात भिंतीवरील खणांपुढे उभे राहून पत्रे वाटीत. निजामाच्या राजवटीत १९१६ साली बांधलेल्या आमच्या काचीगुडा स्थानकासारख्या ठिकाणी नाना भाषांचे लोक उतरत, आणि तितक्याच लिप्यांतील पत्तेही टपालात असत. मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी; शिवाय पिंपळगाव आणि बोरगाव या नावांची गावे किती, याची गणतीच नाही. गावाच्या नावावरून पत्र लावावे तर घोटाळा ठरलेला. यावर उपाय म्हणून टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिनकोडची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. काचीगुड्याचा अंक ५०००२७ घ्या. पहिला ५ पाहताच पत्र दक्षिणेकडील आंध्र, तेलंगण व कर्नाटक या विभागाचे, हे कळते. पहिले तीन अंक पाहताच ते हैदराबादच्या वाटणी-विभागाचे ठरते. शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या टपाल कचेरीचे. वाटणाऱ्यास मजकूर वाचावा लागत नाही, भाषाही यावी लागत नाही. अंक पाहावा व पत्र खणात टाकावे.

सूचीच्या ई-पत्रावरही अशीच एक खूण असते, परंतु ती दर्शनी भागावर नसते. प्रत्येक ई-पत्राच्या माथ्यावर एक गुप्त पत्रिका असते. पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने आले, हे सारे तीत नोंदलेले असते. सूचीने धाडलेल्या पत्राच्या या पत्रिकेत ‘लिस्ट-आयडी’ नावाची ओळ असावी, असा संकेत २००१ साली ठरला. सूचीत पत्र कोणीही लिहो, विषय काहीही असो, ही ओळ बदलत नाही. तिलाच सूचीचा पिनकोड म्हणता येईल.

यावरून पहिला नियम निघतो तो असा: सूचीचे पत्र विषयातील शब्दावरून ओळखू नये, सूचीच्या खुणेवरून ओळखावे. शब्दावर विसंबणे म्हणजे पिंपळगावच्या नावावर विसंबणे होय.

उशिराची कसोटी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खूण ओळखता आली, खण तयार झाले; पण कोणते पत्र खणात टाकावे आणि कोणते समोर ठेवावे? बहुतेक लोक ‘पत्र कोणाचे’ या प्रश्नावरून वाटणी करतात. बँकेचा एक खण, सरकारचा एक खण, संघटनेचा एक खण. दिसावयास ही व्यवस्था सुबक दिसते. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती घातक आहे. कारण त्याच बँकेकडून येणारी कर्जाची जाहिरात आणि हुंडी न वटल्याची सूचना एकाच खणात जाऊन पडतात.

आमच्या मते विचारावयाचा प्रश्न एकच आहे: हे पत्र आठ दिवस उशिरा वाचले तर काय बिघडेल? या प्रश्नाच्या उत्तरावरून पत्रांचे तीन ढीग पडतात.

पहिला ढीग तारखेच्या पत्रांचा. ज्यात मुदत आहे, ज्याचा उशीर पैशात मोजावा लागतो, अशी पत्रे: गिऱ्हाइकाची मागणी, कर खात्याची नोटीस, साठ्याच्या मर्यादेचा आदेश, मालमोटारीच्या वाटखर्चीची सूचना. दुसरा ढीग उपयुक्त, परंतु थांबू शकणाऱ्या पत्रांचा: भावपत्रके, सभेचे इतिवृत्त, पिकांचे अंदाज, समाजाच्या सूचीवरील चर्चा. तिसरा ढीग ज्यांवाचून काहीच अडत नाही अशांचा.

नियमाने हलवावयाचे ते फक्त दुसऱ्या व तिसऱ्या ढिगातील. पहिल्या ढिगाला चाळणी लावूच नये. त्यावर ठळक खूण करावी, तारा लावावा, पण ते पेटीच्या तोंडाशीच राहू द्यावे.

ही कसोटी केवळ कल्पनेची नाही. तुरीचेच उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने २ जून २०२३ रोजी तूर व उडीद यांवर साठ्याची मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीसाठी २०० मेट्रिक टन ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी ती मर्यादा ५० टनांवर आणली गेली. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी ती पुन्हा २०० टन झाली. सुमारे पाच महिन्यांत तीन आदेश! ज्याच्या गोदामात सप्टेंबरअखेर १५० टन तूर होती, तो एका आदेशापूर्वी नियमात होता आणि त्यानंतर जादा साठा उतरविण्यास बांधलेला होता. त्याच वर्षी १२ जून रोजी गव्हावरही घाऊक व्यापाऱ्यास ३,००० टनांची मर्यादा लागली, आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ५०० टनांपर्यंत उतरली. हे आदेश आपणास बहुधा संघटनेच्या परिपत्रकाने, म्हणजे सूचीच्या टपालानेच, कळतात. हे ध्यानात घेतले म्हणजे चाळणीचा प्रश्न घराच्या टापटिपीचा नसून व्यवहाराच्या सुरक्षिततेचा आहे, हे पटेल.

आमच्या परिचयाच्या एका पेढीवर ज्या पत्राच्या विषयात ‘तूर’ हा शब्द असेल ते ‘भाव’ नावाच्या खणात जावे, असा नियम एका हुशार नोकराने केला होता. भावपत्रके बिनचूक त्या खणात जाऊ लागली. मालक संतुष्ट झाले. पुढे साठ्याच्या मर्यादेचे परिपत्रक आले, त्याच्याही विषयात ‘तूर’ हा शब्द होता. ते भावपत्रकांच्या ढिगात आठवडाभर न वाचता पडून राहिले. चाळणीने आपले काम चोख केले होते. भोकांचे माप चुकीचे होते.

नियम प्रत्यक्ष कसा करावा

१ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेली गूगलची जीमेल सेवा आपल्यापैकी बहुतेकांकडे असल्याने तिचीच रीत सांगतो. हे काम मोबाइलवर न करता संगणकावर बसून करावे.

प्रथम एक आठवडा काहीही हलवू नये. रोज आलेली सूचीपत्रे कागदावर लिहून काढावी व प्रत्येकापुढे उशिराच्या कसोटीचा ढीग क्रमांक मांडावा. हा कागद हाच सर्व कामाचा पाया होय.

नंतर दुसऱ्या ढिगातील एका सूचीचे पत्र उघडावे. धाडणाऱ्याच्या नावाखाली बारीक बाण असतो, तो दाबावा. पत्र सूचीचे असल्यास तेथे ‘मेलिंग लिस्ट’ अशी ओळ दिसते, आणि तिच्यालगत या सूचीच्या पत्रांसाठी फिल्टर करण्याची सोय असते. ती दाबली की सूचीची खूण आपोआप भरली जाते. आपणास काही टंकावे लागत नाही. पुढील पायरीवर ‘अप्लाय द लेबल’ या ओळीत खणाचे नाव द्यावे. ‘स्किप द इनबॉक्स’ या चौकोनात खूण केली तर पत्र पेटीत न थांबता थेट खणात जाते. पहिले पंधरा दिवस ही दुसरी खूण करू नये, असा आमचा आग्रह आहे. नुसते लेबल लागू द्यावे आणि योग्य पत्रांस योग्य लेबल लागते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. नवी चाळणी आणली की आपण आधी पसाभर धान्य चाळून पाहतो, तसेच हे.

संघटनेच्या सूचीसारखी जी सूची भावही कळविते आणि आदेशही कळविते, तिच्यासाठी नियमातच अपवाद ठेवावा. ‘डझंट हॅव’ या रकान्यात मर्यादा, मुदत, नोटीस, आदेश असे शब्द, सूचीच्या भाषेत व लिपीत जसे येतात तसे, त्यांमध्ये इंग्रजी ‘ऑर’ घालून भरावे. मग ते शब्द असलेली पत्रे खणात न जाता समोरच राहतात. येथे मात्र शब्दाचा उपयोग रास्त आहे. कारण शब्दाने चूक झाली तरी एखादे निरुपयोगी पत्र समोर येईल इतकेच, महत्त्वाचे पत्र लपणार नाही. ज्या बाजूला चूक झाली असता नुकसान थोडे, त्या बाजूला नियम झुकता असावा.

आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. जीमेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या चिन्हापूर्वी अधिक चिन्ह घालून एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्याकडेच येते. भावपत्रकाच्या सूचीत नाव नोंदविताना असा जोडशब्दाचा पत्ता द्यावा. मग त्या पत्त्यावर आलेले ते सर्व भावपत्रक, असा नियम करता येतो. शिवाय आपला पत्ता कोणी कोणास विकला, तेही उघडे पडते.

चाळण्यांचा क्रम

गंजात धान्य आधी मोठ्या भोकांच्या चाळणीवर घालतात. काडीकचरा व ढेकळे वर राहतात. मग बारीक चाळणीवर. धूळ व चुरा खाली जातो. क्रम उलटा केला तर बारीक चाळणी कचऱ्याने बुजून जाईल. आउटलुक व थंडरबर्ड या प्रणालींत नियमांचा क्रम असाच महत्त्वाचा आहे. तेथे नियम वरून खाली लागू होतात, आणि ‘येथे थांबावे’ अशी आज्ञा देता येते. म्हणून तारखेच्या पत्रांस राखणारा नियम सर्वांत वर असावा व त्याने तेथेच थांबावे. जीमेलमध्ये मात्र लागू पडणारे सर्व नियम एकाच पत्रावर चालतात. एका पत्रास दोन लेबले लागू शकतात, जशी एकाच व्यवहाराची नोंद खतावणीत दोन खात्यांवर पडते. तेथे क्रमाने काम होत नाही, म्हणून अपवाद नियमाच्या पोटातच लिहावा लागतो. हा भेद न जाणता एका प्रणालीची रीत दुसरीत वापरल्यास घोटाळा होतो.

तिसऱ्या ढिगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्याचा उपयोगच नाही त्याला खण कशास हवा? सूचीतून नाव काढण्याचा दुवा पत्राच्या गुप्त पत्रिकेत असावा, असा संकेत १९९८ पासून आहे. २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिराती धाडणाऱ्यांस एका टिचकीत नाव काढण्याची सोय बंधनकारक केली आहे. परिचित दुकानदाराच्या सूचीतून असे नाव काढावे. अपरिचिताच्या पत्रातील दुवा मात्र दाबू नये; ते पत्र ‘स्पॅम’ म्हणून टाकून द्यावे.

दारावरील पहारा

स्पॅमच्या खणात गेलेले पत्र जीमेलमध्ये ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरले नाही तर कायद्याच्या ४६ व्या कलमाखाली येणाऱ्या नोटिशीची मुदत १५ दिवसांची असते. त्याच कायद्याच्या १६९ व्या कलमान्वये नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-पत्त्यावर पत्र धाडणे, अथवा ते खात्याच्या पोर्टलवर ठेवणे, हे नोटीस बजावण्याचे मान्य मार्ग आहेत. अर्थात ‘आम्ही पत्र पाहिलेच नाही’ हे उत्तर पुरेसे ठरेल, अशा भरवशावर राहू नये. म्हणून अशा पत्त्यांसाठी ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ हा नियम करावा, आठवड्यातून एकदा स्पॅमचा खण चाळावा, आणि पोर्टलही स्वतः उघडून पाहावे.

परंतु हा नियम करताना धाडणाऱ्याच्या दर्शनी नावावर जाऊ नये. नाव कोणीही कोणतेही लावू शकतो. पूर्ण पत्ता अक्षर न अक्षर तपासून भरावा. तरीही नियमाने आत घेतलेले पत्र खरेच असते, असे मानू नये. पुरवठादाराच्या नावाने पत्र येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ असा मजकूर असतो, आणि लाखो रुपये भलत्याच्या हाती जातात. असे पत्र आले की जुन्या, माहितीच्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः बोलून खात्री करावी. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

चोरही चाळणी वापरतो, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. पेटीचा परवलीचा शब्द हाती लागला की भामटा त्या पेटीत स्वतःचा एक नियम गुपचूप करून ठेवतो: अमुक व्यापाऱ्याकडून आलेले पत्र बाहेरच्या पत्त्यावर धाडावे व येथून पुसून टाकावे. मालकास काही दिसत नाही आणि व्यवहार दुसराच कोणी चालवितो. यास्तव महिन्यातून एकदा नियमांची यादी उघडावी. आपण न केलेला एखादा नियम तेथे आढळला तर परवलीचा शब्द त्याच क्षणी बदलावा व नियम काढून टाकावा.

देखरेख कोणाची

या कामी मुनीमजी, नोकर अथवा घरातील तरुण मुलेमुली यांचे साहाय्य अवश्य घ्यावे; आमच्याकडेही हात त्यांचेच चालतात. तथापि कोणते पत्र समोर राहावे, हे मालकाने स्वतः ठरवावे. प्रत्येक नियम एका वहीत लिहून ठेवावा: नियम कोणता, कशासाठी, कोणत्या तारखेस केला. नोकर बदलला तरी वही राहते. दिवाळीस नव्या वह्या घालताना जुनी खाती तपासतो, तशी ही वहीही तपासावी. ज्या खणात वर्षभर कोणी डोकावले नाही, त्याची सूची सोडून द्यावी. दुसऱ्या ढिगाचे खण मात्र रोज ठराविक वेळी, बाजार उठल्यावर अर्धा तास, वाचावे; न वाचलेला खण म्हणजे टपालाची अडगळ होय.

सारांश, नियम म्हणजे आपण शांतपणे आधीच करून ठेवलेला निर्णय. तो एकदा केला की यंत्र हजार वेळा न कंटाळता अमलात आणते, आणि निर्णय चुकीचा असेल तर चूकही तितक्याच इमानाने हजार वेळा करते. म्हणून खूण पक्की धरावी, उशिराची कसोटी लावावी, आणि ज्या पत्रात तारीख आहे ते कधीही नजरेआड होऊ देऊ नये. एवढे सांभाळले तर सकाळचा जो तास पत्रे चिवडण्यात जातो, तो गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलण्यात आणि मालाचा नमुना हातावर घेऊन पाहण्यात जाईल. तेच आपले खरे काम आहे. सर्व सदस्य बंधुभगिनींनी येत्या आठवड्यात निदान त्या पहिल्या कागदाला प्रारंभ करावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.